बोलता येईल इतकंच धावा

माझ्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. ही १९७१ सालची गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण विश्रांती. आईने ते अक्षरशः पाळलं. वडिलांचं अंथरूण माडीवरून खाली मधल्या खोलीत आलं. जिना बंद, मंडईची फेरी बंद, संध्याकाळी देवळापर्यंत जाणं बंद. सहा वर्षांनी ते गेले, तोवर त्यांचं जग त्या खोलीएवढंच झालं होतं. यात दोष कुणाचाच नव्हता. हृदय म्हणजे समईतलं तेल, जितकं जपून वापराल तितकं पुरेल, अशीच त्या काळची समजूत होती.

म्हणूनच २००३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, मी पायांत कॅनव्हासचे बूट चढवून पहाटे धावायला निघालो तेव्हा आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तुझ्या वडिलांचं विसरलास का?" एवढंच म्हणाली. विसरलो नव्हतो. त्यांच्यासारखंच आपलंही होणार, ही भीती होती म्हणूनच तर निघालो होतो.

पण मी धावायला लागलो तो शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीच्या थाटात. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की छाती फुटायची वेळ यायची. दम लागला नाही तर व्यायाम कसला, असं मला वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात नडगीचं हाड असं दुखायला लागलं की महिनाभर घरी बसलो. मी साताऱ्यातला इतिहासाचा मास्तर. एखादी गोष्ट जमेना, की ती पूर्वी कुणी कशी केली हे शोधायची खोड. शोधता शोधता मी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातल्या एका बुटांच्या कारखान्यात जाऊन पोहोचलो. त्या शोधाची ही कहाणी.

सुरुवात मात्र लंडनपासून करायला हवी. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दुमजली बसचा जिना दिवसातून शेकडो पायऱ्या चढ-उतर करणारा. दोघं एकाच बसमध्ये, एकाच धुरात. तरीही ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आणि कंडक्टरांमध्ये कमी आढळला. शंकेखोरांनी विचारलं, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मॉरिस यांनी गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर खरोखरच मोठा निघाला, त्यामुळे वाद लगेच मिटला नाही. पण हृदय वापरल्याने झिजतं की न वापरल्याने, हा प्रश्न पुढे आला तो कायमचाच. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनीही त्यांना कायमचं अंथरुणाला खिळवलं नाही, उलट हिंडण्या-फिरण्याचा आग्रह धरला.

त्याच सुमारास धावपटूंच्या जगात जर्मन पद्धतीचा बोलबाला होता. फ्रायबुर्गचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी ती बसवली होती. थोडं अंतर जोरात धावायचं, नाडी खाली येईपर्यंत थांबायचं, पुन्हा धावायचं. गेर्शलरांच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली ८०० मीटरचा जागतिक विक्रम केला तेव्हापासून या पद्धतीचा दबदबा होता. १९५४ साली चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस, रॉजर बॅनिस्टर, हाही अशाच तुकड्या-तुकड्यांनी सराव करणारा. पद्धत खोटी नव्हती. पण ती ज्यांचं शरीर आधीच तयार आहे त्यांची होती. पोट सुटलेल्या माणसाला तिच्यात जागा नव्हती.

ती जागा केली आर्थर लिडियार्ड यांनी. जन्म १९१७, ऑकलंडचा. बुटांच्या कारखान्यात नोकरी, काही काळ पहाटे दुधाचा रतीब घालण्याचं काम. रग्बी खेळायचे, त्यामुळे आपण तंदुरुस्त आहोत असा समज. १९४० च्या दशकात एकदा क्लबमधल्या वयाने मोठ्या गृहस्थांबरोबर ते पाच-सहा मैल धावायला गेले आणि त्यांचा पार भुगा झाला. मनात आलं, आज ही अवस्था, तर अजून वीस वर्षांनी काय? हा प्रश्न, श्रोतेहो, तुमचा-माझा आहे. फरक इतकाच, की लिडियार्डनी त्याचं उत्तर स्वतःच्या शरीरावर काढलं. कधी आठवड्याला थोडं अंतर, कधी अडीचशे मैलांपर्यंत. कधी जोरात, कधी सावकाश. असं कित्येक वर्षं चाललं. शेवटी त्यांना गणित सापडलं ते आठवड्याला सुमारे १०० मैलांचं, म्हणजे १६० किलोमीटरचं. मात्र श्वास फुलू न देता, सलग आणि नेमाने. १९५३ आणि १९५५ साली ते न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते झाले.

मग आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरं त्यांच्यामागे लागली. दर रविवारी लिडियार्ड त्यांना वाइटाकेरेच्या डोंगरातल्या बावीस मैलांच्या फेरीवर न्यायचे. त्यात मॅरेथॉनवाले होते, तसाच ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही होता. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी ३५ किलोमीटर कशाला, असं जाणकार विचारत. लिडियार्डचं म्हणणं साधं होतं. आधी पाया, मग चढ, मग शेवटी वेग. पाया ओला असताना वरचा मजला चढवला की घर खचतं. माझी नडगी का दुखली होती, ते मला इथे कळलं.

२ सप्टेंबर १९६०, रोम ऑलिंपिक. फारसं कुणाला माहीत नसलेल्या स्नेलने ८०० मीटरमध्ये बेल्जियमच्या जागतिक विक्रमवीर रॉजर मोएन्सला मागे टाकून सुवर्णपदक जिंकलं. त्याच दिवशी, थोड्याच वेळात, मरे हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं. हालबर्गचा डावा हात किशोरवयात रग्बीत झालेल्या दुखापतीने निकामी झालेला होता. पुढे मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावत पहिला आला आणि लिडियार्डचाच बॅरी मॅगी तिसरा. छोट्याशा देशातल्या एका शहरातली ही तीन पदकं. जग ऑकलंडकडे वळून पाहू लागलं.

पण माझ्या दृष्टीने खरी क्रांती त्यानंतर झाली. लिडियार्ड ऑकलंडच्या व्यापारी-व्यावसायिक मंडळींपुढे व्याख्यानं देत. ऐकणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलेही होते. त्यांना त्यांनी तोच मंत्र दिला, फक्त मात्रा बदलून. हळू धावा, दम लागला तर चाला, आणि सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. १९६२ साली यातूनच ऑकलंड जॉगर्स क्लब उभा राहिला. मनगटावरची यंत्रं नव्हती तेव्हाचं हे मोजमाप. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपल्या धावपटूंना घेऊन न्यूझीलंडला गेले. वय ५१, स्वतः धावण्याची सवय सुटलेली. लिडियार्डनी त्यांना रविवारी क्लबबरोबर यायचं आमंत्रण दिलं. बॉवरमन थोड्याच अंतरात मागे पडले, धापा टाकू लागले. त्यांच्यासाठी मागे राहिले ते सत्तरी ओलांडलेले अँड्र्यू स्टीडमन नावाचे गृहस्थ. ते शेजारून धावत होते आणि निवांत गप्पा मारत होते. नंतर बॉवरमनना कळलं, की या माणसाला हृदयविकाराचे झटके येऊन गेलेत. ऑलिंपिकपटू घडवणाऱ्या प्रशिक्षकाला त्या दिवशी एका म्हाताऱ्याने धडा दिला. बॉवरमन सुमारे सहा आठवडे तिथे राहिले, रोज धावले आणि पोट कमी करूनच परतले.

१९६३ च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या यूजीन गावात नागरिकांना मैदानावर बोलावलं. आधी वीस-पंचवीस आले, मग गर्दी वाढत दोनशेच्या घरात गेली. बायका आल्या, वयस्कर आले. बॉवरमन घाबरले. यातला कुणी मैदानात पडला तर? त्यांनी लोकांना घरी पाठवलं आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॅरिस यांना गाठलं. दोघांनी मिळून चालणं आणि धावणं यांचा आठवड्यांचा तक्ता बसवला, आणि १९६७ साली त्यांचं 'जॉगिंग' हे छोटं पुस्तक निघालं. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस हवाच, हे बॉवरमन यांचं सूत्र. शरीर सुधारतं ते धावताना नव्हे, धावल्यानंतरच्या विश्रांतीत.

लिडियार्डना हे अनुभवाने कळलं होतं, कारणं पुढे प्रयोगशाळेत सापडली. १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोसी यांनी उंदरांना कित्येक आठवडे पळवून दाखवून दिलं, की त्यांच्या स्नायूंच्या पेशींतली प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणा सुमारे दुपटीने वाढते. सावकाश, नियमित धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि शरीर साखरेबरोबर चरबीही जाळायला शिकतं. पण स्नायूबंध आणि हाडं हृदयाइतकी चटकन तयार होत नाहीत. दम टिकतो, नडगी टिकत नाही, ती यामुळे. आणि गंमत पाहा, लिडियार्डचा तो पीटर स्नेल पुढे अमेरिकेत शिकून व्यायामशास्त्राचा संशोधक झाला. ज्याला पळवलं, त्यानेच पुढे पळण्याचं शास्त्र तपासलं.

एक घटना मात्र लपवून चालणार नाही. अमेरिकेत धावण्याची लाट आणणाऱ्यांत जिम फिक्स हे मोठं नाव. त्यांचं १९७७ चं पुस्तक लाखांनी खपलं. १९८४ च्या जुलैमध्ये, ५२ व्या वर्षी, धावतानाच ते गेले. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. त्यांचे वडीलही हृदयविकाराने ४३ व्या वर्षी गेले होते. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि मगच पुन्हा बूट घातले. धावणं म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. ज्यांच्या घरात हा विकार आहे, छातीत कधी दुखलंय किंवा चालताना धाप लागते, त्यांनी आधी तपासणी करावी.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा आईने अट घातली, एकट्याने जायचं नाही. सोबतीला तिने शेजारचे निवृत्त पोस्टमनकाका दिले. वय ६३, आयुष्यभर पायी टपाल वाटलेलं, आणि बोलणं अखंड. मला स्टीडमन घरबसल्या मिळाले! एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, अशी वीस मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याचा वाटा थोडा वाढवायचा. मी हूं-हूं करू लागलो की काका म्हणायचे, "मास्तर, उत्तर नाही आलं, चला चालू या." तीन महिन्यांनी वीस मिनिटं सलग धावता आलं. मग रविवारची फेरी एकेक किलोमीटरने लांबवली, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी केली. वर्षभरात दहा किलोमीटर झाले, तेही वेगाकडे न बघता.

आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. २०१२ साली साताऱ्यातही यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन सुरू झाली आणि ५८ व्या वर्षी मी ती धावलो. पावणेतीन तासांहून थोडा जास्तच वेळ लागला. चढावर चाललो, त्याची लाज वाटली नाही. रस्त्यात तरुण मुलं सुरुवातीलाच सुसाट जाऊन घाटात कमरेवर हात ठेवून उभी दिसत होती. एकाजवळ थांबून म्हटलं, "चल, गप्पा मारत जाऊ." पुढचं अंतर आम्ही दोघांनी मिळून कापलं.

आज झटक्यातून सावरणाऱ्या रुग्णालाही डॉक्टर देखरेखीखाली काही दिवसांतच चालवू लागतात. ते ऐकलं की मधली खोली आठवते. वडिलांना त्या खोलीतून निदान अंगणापर्यंत आणता आलं असतं का? इतिहासाच्या मास्तराने जर-तरमध्ये शिरू नये हे मला ठाऊक आहे. पण वडील ज्या वयात गेले ते वय मी कधीच ओलांडलं, आणि अजूनही पहाटे कुणाशी तरी बोलत धावतो.

तुमच्यापैकी कुणाला उद्या निघावंसं वाटलं, तर घड्याळ घरी ठेवा. एक सोबती शोधा. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावा, तिसऱ्यापर्यंत चाला. आणि बोलणं तुटू देऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)