माणसं नकोत की वस्तू नकोत?



हल्ली स्टेटसवर एक सूर फार दिसतो: माणसं नकोत, एकटं बरं. आमच्या गगनबावड्याच्या पावसात महिनोन् महिने दारं लोटलेली असतात, तेव्हा ते पटतंही. आधाराला ग्रीसच्या टिमॉन-डायोजिनीसचं नाव देतात. पण हे दोघे एका माळेतले नव्हेत.

मित्र उलटले म्हणून अथेन्सच्या टिमॉनने माणसंच टाकली. डायोजिनीसने वस्तू टाकल्या. तो मोठ्या रांजणात राहायचा. एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने जवळचा प्यालाही फेकला म्हणे. पण राहिला भर गावात, लोकांना टोचत. त्याच्याच पंथातला क्रेटीस तर घरोघरी जाऊन भांडणं मिटवायचा. लोक त्याला 'दार उघडणारा' म्हणत.

असा माणूस आपल्याकडेही होऊन गेला. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात मातीचं गाडगं, तेच जेवायचं ताट. गावात शिरले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. जीभ डायोजिनीसइतकीच तिखट. नवसाला बकरं कापणाऱ्यांना ते कीर्तनातच धारेवर धरत. आपल्या अहिंसेच्या दृष्टीने मला हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. माणसांचा वीट आलेला माणूस हे करील?

तरी एक गोष्ट मला खटकते. बाबा निघाले तेव्हा मागे पत्नी कुंताबाई आणि लहान मुलं राहिली. क्रेटीसची बायको हिपार्किया श्रीमंताची लेक. माहेरचा विरोध मोडून तिने लग्न केलं आणि त्याच्यासारखेच जाडेभरडे कपडे घालून त्याच्याबरोबर हिंडली. माग सोडून आलीस ना, असं एकाने हिणवलं. मागावर गेला असता तो वेळ शिकण्यात घालवला, यात माझं काय चुकलं, असं तिने त्यालाच विचारलं. कुंताबाईंच्या वाट्याला अशी निवड आली नाही.

आपल्यात दीक्षेआधी घरच्यांची अनुमती घेतात, आणि बाईलाही आर्यिका होता येतं. लहानपणी ती अनुमती म्हणजे नुसता विधी वाटायचा. कुंताबाईंविषयी वाचल्यापासून तसं वाटत नाही.