सीओपीडी आणि फुप्फुसाचा कर्करोग

सीओपीडी हा श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार असून, त्याच्या रुग्णांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. दोन्ही आजारांचे प्रमुख कारण धूम्रपान आहे. परंतु हा संबंध केवळ समान कारणामुळे दिसतो, हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

पुरावा

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीओपीडीच्या ११३ रुग्णांची तुलना वय, लिंग, व्यवसाय व धूम्रपान यांबाबत त्यांच्याशी जुळणाऱ्या तितक्याच व्यक्तींशी केली. १० वर्षांत रुग्णांच्या गटात ८.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २ टक्के व्यक्तींना फुप्फुसाचा कर्करोग झाला. हे गट लहान होते. मात्र नंतरच्या मोठ्या अभ्यासांचा कलही त्याच दिशेचा आहे. सीटी स्कॅनमध्ये वायुकोशांच्या भिंती नष्ट झालेल्या (एम्फिसीमा) आढळणाऱ्यांतही धोका वाढलेला असतो.

कारणे

धुरामुळे श्वासमार्गात सुरू झालेला दाह धूम्रपान सोडल्यावरही अनेकदा टिकून राहतो. दाहपेशींतून बाहेर पडणारी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे डीएनएला इजा करतात, आणि झीज भरून काढण्यासाठी पेशींचे विभाजन सतत चालू राहिल्याने अशा चुका पुढील पेशींत उतरतात. धूम्रपान सोडल्याने धोका घटतो, परंतु तो कधीही धूम्रपान न केलेल्यांइतका सहसा होत नाही.

घरगुती धूर

चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई येथील स्त्रिया क्वचितच धूम्रपान करतात, तरीही तेथे त्यांच्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या भागांपैकी होते. घरात धुराडे नसलेल्या चुलीत धूर ओकणारा दगडी कोळसा जाळला जाई. १९७० च्या दशकापासून चुलींना धुराडी बसवण्यात आली. त्या घरांत पुढे कर्करोग आणि सीओपीडी या दोहोंचेही प्रमाण घटले.

निदान

सीओपीडीच्या रुग्णाला खोकला आणि धाप नेहमीचीच असते. त्यामुळे कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे जुन्याच आजाराची समजली जातात. भारतात क्षयरोगाच्या संशयानेही निदान लांबते. खोकल्याचे स्वरूप बदलणे, थुंकीतून रक्त पडणे, आवाज बसणे किंवा वजन घटणे यांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. अमेरिकेत ५५ ते ७४ वर्षे वयाच्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवरील चाचणीत (२०११) कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू छातीच्या एक्स-रे तपासणीच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र फुप्फुसाची क्षमता फार खालावलेल्या रुग्णाला, गाठ लवकर सापडूनही, शस्त्रक्रिया झेपेलच असे नाही.