किमान शिल्लक दंडाची कुळकथा

१ एप्रिल २०१७ रोजी परभणी जिल्ह्यातल्या बँक खातेदारांच्या बाबतीत एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, आणि २०१२ मध्ये माफ केलेला किमान शिल्लक दंड स्टेट बँकेने त्याच दिवसापासून पुन्हा सुरू केला. विलीनीकरणाची बातमी झाली, शाखांवरचे फलक बदलले. दंडाचा फलक कुणी लावला नाही. तो पासबुकातच वाचावा लागला.

मराठवाड्याला स्टेट बँक ऑफ हैदराबादचा लळा होता. निजामाच्या राजवटीत १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक म्हणून ती निघाली, संस्थानच्या उस्मानिया सिक्क्याचा कारभार तिने पाहिला. संस्थान भारतात आलं, परभणी आधी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली, तरी बँक तीच राहिली. शेतकऱ्याचं पीककर्ज, मास्तरांचा पगार, निवृत्तांची पेन्शन या सगळ्यांचा रस्ता तिच्याच काउंटरवरून जाई. बँक दुसऱ्या बँकेत गेली की खातेदार नव्या बँकेच्या नियमांखाली जातो. त्याला कुणी विचारत नाही.

दंडाचं मूळ मात्र विलीनीकरणाच्या बरंच मागे आहे. बचत खात्यात थोडी रक्कम कायम ठेवावी, चेकबुक घेतलं असेल तर जरा जास्त ठेवावी, ही रीत जुनीच. बँकेची बाजू अशी की खातं सांभाळायला खर्च येतो आणि शिल्लक असली तर त्या पैशावर तो निघतो. सेवाशुल्काचे दर तेव्हा इंडियन बँक्स असोसिएशन ठरवत असे. सप्टेंबर १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पद्धत मोडली आणि शुल्क ठरवण्याचा अधिकार प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला दिला. आजच्या दंडाचा जन्म इथला. त्यामागे संसदेचा कायदा नाही, मंडळाचा ठराव आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण ठरावाने आलेलं ठरावाने जाऊही शकतं.

मोकळीक मिळाली तशा तक्रारीही वाढल्या. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने शुल्क वाजवी आहे की नाही हे पाहण्यासाठी एन. सदाशिवन यांचा कार्यगट नेमला. त्याआधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, गरिबांसाठी ‘नो-फ्रिल्स’ खात्याची सूचना निघाली होती. २०१२ मध्ये त्याचं मूलभूत बचत खातं झालं आणि २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन योजनेत अशी कोट्यवधी खाती उघडली गेली. त्यांना किमान शिल्लक नाही. म्हणजे दंडाचा भार उरला तो ज्यांचं खातं साधं आहे, पण हातात पैसा नाही, त्यांच्यावर.

२०१७ चा नियम परभणीला लावून पाहू. परभणी शहरातल्या शाखेत महिन्याची सरासरी शिल्लक ३,००० रुपये हवी. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड ही निमशहरी गावं, तिथे २,०००. खेड्यातल्या शाखेत १,०००. तूट जितकी मोठी तितका दंड जास्त: खेड्यात २० ते ५० रुपये, महानगरात ५० ते १००, वर कर वेगळा. आता हिशेब पाहा. सेलूच्या शाखेत एखाद्याच्या खात्यात सोयाबीनचे ६०,००० रुपये आले आणि एकच दिवस राहिले, तरी तीस दिवसांची सरासरी २,००० भरते. त्याला दंड नाही. मजुरी करणाऱ्या बाईने १,५०० रुपये महिनाभर जपून ठेवले, तर तिला दंड. शिवाय आपल्याकडे सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि जूनमध्ये बियाणं-खतात जातो. खातं रिकामं पडतं ते पेरणीच्या दिवसांत, आणि पैसे कटतात तेही तेव्हाच.

स्टेट बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांनी मार्च २०१७ मध्ये कारण सांगितलं होतं की जनधन खात्यांचा बोजा मोठा आहे, तो कुठून तरी भरून काढावा लागेल. किती भरून निघाला, हे काही महिन्यांत कळलं. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत बँकेने या दंडापोटी १,७७१ कोटी रुपये जमा केले होते. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीतला तिचा निव्वळ नफा १,५८१ कोटी होता. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या एका कार्यकर्त्याने माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा आणखी एक आकडा निघाला: किमान शिल्लक नसल्याने दहा महिन्यांत ४१ लाखांवर खाती बंद केली गेली.

आकडे छापून आले आणि दंड हलला. १ एप्रिल २०१८ पासून तो जास्तीत जास्त शहरात १५, निमशहरी भागात १२, खेड्यात १० रुपयांवर आला. ११ मार्च २०२० रोजी स्टेट बँकेने तो सगळ्या बचत खात्यांवरून काढून टाकला.

आणखी एक कापणीही उजेडात आली. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी दाखवून दिलं की मूलभूत खात्यातून महिन्यात चारहून अधिक व्यवहार झाले की स्टेट बँक प्रत्येकी १७ रुपये ७० पैसे घेत होती, १५ रुपये शुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी. यूपीआयचे व्यवहारही त्यातून सुटले नव्हते. यातली काही रक्कम पुढे परत करावी लागली.

संसदेतही प्रश्न गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये मराठवाड्याचेच असलेले तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत उत्तर दिलं. सरकारी आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लक दंड, जादा एटीएम व्यवहार आणि एसएमएस यांपोटी ३५,००० कोटींहून अधिक रुपये घेतले होते. त्यांतले सुमारे २१,००० कोटी एकट्या किमान शिल्लक दंडाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले ३,००० रुपये जमा होताच काही बँकांनी जुनी थकबाकी कापून घेतली, आणि सरकारला बँकांना थांबवावं लागलं. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही दंड सोडला. खासगी बँकांत तो अजून आहे.

दंड सुरू करताना बँकांनी खातेदाराला विचारलं नाही, पण माघार घेतली ती बऱ्याचदा कुणीतरी आकडा चव्हाट्यावर मांडल्यावर. म्हणून पासबुक भरून घ्या आणि कापलेल्या प्रत्येक रकमेचं कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१५ पासूनच्या नियमानुसार दंडाआधी सूचना देऊन महिन्याची मुदत द्यावी लागते, दंड तुटीच्या प्रमाणात असावा लागतो, आणि केवळ दंडामुळे खातं उण्यात जाता कामा नये. साधं खातं मूलभूत खात्यात बदलून मागता येतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एकट्याच्या वीस रुपयांसाठी कुणी भांडत नाही, हे बँकेला ठाऊक असतं. तेव्हा गावाने मिळून यादी करावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या बँक आढावा बैठकीत मांडायला आमदार-खासदारांना लावावं. त्या बैठकीचं निमंत्रण त्यांना असतंच.