वडिलांच्या छातीवर पदक, पण डिस्चार्ज बुकात नोंदच नाही? माजी सैनिकाचं रेकॉर्ड असं दुरुस्त होतं

26 जानेवारी आली की व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एक फोटो हमखास दिसतो. जुना, कडा पिवळ्या पडलेला. वर्दीतले वडील किंवा आजोबा, छातीवर चार-पाच पदकं आणि खाली ओळ, '1971 चे वीर'. पण त्याच घरातली काळी ट्रंक उघडून तळाशी ठेवलेलं डिस्चार्ज बुक काढलं, तर पदकांच्या रकान्यात दोनच नावं सापडू शकतात. बाकीची गेली कुठे?

उत्तर असं की, ती पदकं खोटी असतीलच असं नाही. लष्करात पदक मिळणं आणि पदकाची नोंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धातूचं पदक कॅन्टोन्मेंटजवळच्या दुकानात विकतही मिळतं. हक्काची पदकं सरकारकडून वेळेवर पोहोचत नाहीत, म्हणून सैनिक ती स्वतःच्या पैशाने घेतात, हे फौजेत सगळ्यांना माहीत आहे. नोंद मात्र विकत मिळत नाही.

नोंद होते कशी?

सैनिक एखाद्या पदकाला पात्र ठरला की त्याची युनिट एक आदेश काढते. फौजी भाषेत याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. लग्न, मुलाचा जन्म, बढती, जखम, पदक, अशी सैनिकाच्या आयुष्यातली प्रत्येक अधिकृत घटना या आदेशातूनच कागदावर येते. आदेश रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, तिथे सैनिकाच्या 'शीट रोल'मध्ये चढतो आणि निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात उतरतो. ज्या पदकासोबत दरमहा भत्ता आहे, त्याचा उल्लेख पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्येही यावा लागतो.

या साखळीतली एक कडी निसटली की पुढचं सगळं कोरं राहतं. आणि कडी निसटायला फार काही लागत नाही. लढाईच्या वेळी जवान दुसऱ्या युनिटला 'अटॅच' होता, तर आदेश कोणी काढायचा? जखमी होऊन लष्करी रुग्णालयात गेला आणि तिथून थेट दुसरीकडे बदली झाली, तर?

1971 चं उदाहरण बघा. त्या युद्धासाठीची पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं स्थापन झाली 1973 मध्ये. युद्ध डिसेंबर 1971 मध्ये संपलं होतं. मधल्या काळात जे फौजेतून बाहेर पडले, त्यांच्या डिस्चार्ज बुकात ही पदकं असणारच कशी? पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा पदकच अस्तित्वात नव्हतं.

मराठी नावांचा घोळ हा तर वेगळाच विषय. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'डी'ने सुरू होतं, तर हिंदी भाषक कारकुनाने लिहिलेल्या दुसऱ्या कागदावर 'जी'ने. आडनाव कुठे आहे, कुठे नाहीच. म्हणून फौजेत माणूस ओळखला जातो तो नंबरवरून. अर्जात नाव चुकलं तर एकवेळ चालेल, सर्व्हिस नंबर चुकता कामा नये.

सगळ्यात आधी हे ठरवा: पदक कोणत्या प्रकारचं?

बहुतेक अर्ज इथेच भरकटतात. पदकांचे ढोबळमानाने दोन गट आहेत.

पहिला गट सेवा आणि मोहिमेच्या पदकांचा. 1965 चा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, 1971 ची वर सांगितलेली तीन, सियाचीन ग्लेशियर मेडल, कारगिलचा ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, 9, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेची पदकं, शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याबद्दलचं वूंड मेडल. यांच्या अटी ठरलेल्या असतात: अमुक तारखांना, अमुक भागात, इतके दिवस. अट पूर्ण केली असेल आणि ती कागदाने दाखवता आली, तर नोंद मागता येते. इथे कोणी मेहेरबानी करत नसतं.

दुसरा गट शौर्यपदकांचा. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत. ही शिफारशीवर दिली जातात आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. 'आजोबांनी पराक्रम केला होता, त्यांना वीरचक्र द्या' असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला करून उपयोग नाही. त्या कार्यालयाला तो अधिकारच नाही. पण पदक जाहीर झालेलं आहे आणि पेन्शनच्या कागदात ते नाही, अशी केस असेल तर ती बरीच सोपी असते, कारण राजपत्र हाच पुरावा. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर विजेत्यांची यादी आहे. आधी नाव तिथे शोधावं.

यात पैशाचाही प्रश्न आहे. 1 ऑगस्ट 2017 पासूनच्या दरांनुसार परमवीर चक्राला दरमहा 20,000 रुपये, अशोक चक्राला 12,000, महावीर चक्राला 10,000, कीर्ती चक्राला 9,000, वीरचक्राला 7,000, शौर्य चक्राला 6,000 आणि शौर्याबद्दलच्या सेना मेडलला 2,000 रुपये असा केंद्राचा भत्ता ठरला. सैनिकाच्या मृत्यूनंतर तो पत्नीकडे जातो. परमवीर, महावीर आणि वीरचक्र विजेत्यांच्या पेन्शनवर आयकरही लागत नाही. यातली कोणतीही गोष्ट फोटो दाखवून मिळत नाही.

सेवापदकांना असा भत्ता नाही. मग त्यांच्यासाठी खटपट कशाला? वूंड मेडल घ्या. 100 टक्के अपंगत्व असलेल्या आणि सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्या सैनिकाला साध्या अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते. तीच जखम युद्धातली ठरली तर 60 टक्के. हा फरक पदकामुळे पडत नाही, जखमेची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून झाली की नाही यावरून पडतो. पण दोन्ही गोष्टी एकाच कागदावर उभ्या असतात. पदकाची नोंद का नाही हे शोधताना जखमेचीच नोंद चुकीची निघू शकते.

नागपूरकरांनी अर्ज कुठे करायचा?

कामठी हे 1821 पासूनचं लष्करी ठाणं. त्यामुळे 'फौजेचं काम म्हणजे कामठी' अशी इकडे एक पक्की समजूत आहे. ती अर्धीच खरी. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आणि त्यांचं रेकॉर्ड ऑफिस आहे. 1971 मध्ये गंगासागरच्या लढाईत परमवीर चक्र मिळवणारे लान्सनायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे, 14 गार्ड्सचे. वडील गार्ड्समध्ये असतील तर कागद खरंच घरापासून 15-16 किलोमीटरवर आहेत.

पण विदर्भातली कितीतरी मुलं महार रेजिमेंटमध्ये गेली. या रेजिमेंटची दुसरी बटालियन 1942 मध्ये कामठीतच उभी राहिली, तरी आज सेंटर आणि रेकॉर्ड मध्य प्रदेशातल्या सागरला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चित्ता कॅम्पमध्ये असतात. वायुसैनिकांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असलं तरी तिथे हे काम होत नाही. अधिकाऱ्यांच्या नोंदी रेजिमेंटकडे नसतात, त्या दिल्लीच्या मुख्यालयात ठेवल्या जातात.

स्वतः एवढा पत्रव्यवहार जमणार नसेल तर नागपूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मध्ये घ्यावं. अर्ज त्यांच्यामार्फत गेला तर आवक-जावक क्रमांक राहतो आणि स्मरणपत्रं पाठवता येतात. पुढे वाद झालाच तर हे क्रमांक फार कामाला येतात.

अर्जात काय लिहायचं?

कमी लिहायचं, पण नेमकं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि निवृत्तीची तारीख. कोणतं पदक, कोणत्या काळातल्या आणि कुठल्या सेवेसाठी. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या प्रती आणि हाताशी असेल ते: बदलीचे आदेश, जखमी झाल्याचे वैद्यकीय कागद, जुनी प्रमाणपत्रं. पदकांसह काढलेला फोटो जोडायला हरकत नाही, पण फोटो हा आधार आहे, पुरावा नाही. सैनिक हयात नसेल तर पत्नीने किंवा वारसाने नात्याचा पुरावा जोडून अर्ज करावा.

त्याआधी एक पाऊल आणखी आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात. शीट रोलची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रमाणित प्रत आधी मागवावी. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून ती मागता येते आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. काही वेळा आदेश निघालेला असतो, फक्त डिस्चार्ज बुकात उतरवायचा राहून गेलेला असतो. मग वाद घालायचा प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण कागदच नष्ट झाले असतील तेव्हा येते. ज्यांना पेन्शन नाही अशा माजी सैनिकांची सेवा कागदपत्रं लष्करी नियमांनुसार 25 वर्षांनंतर नष्ट केली जातात. मागे उरतो तो 'लाँग रोल', म्हणजे मोजक्या तपशिलांची नोंदवही. अशा वेळी घरच्या ट्रंकेतला कागद हाच कदाचित जगातला शेवटचा पुरावा असतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या लष्करी अभिलेखागाराला 12 जुलै 1973 रोजी आग लागली आणि दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. तिथले माजी सैनिक आजही घरातल्या पत्रांवरून आणि पगाराच्या नोंदींवरून आपली सेवा सिद्ध करतात.

रेकॉर्ड ऑफिसने नाही म्हटलं तर?

लेखी उत्तर मागावं. कारणांसह नकार मिळाला, किंवा निवेदन देऊन सहा महिने उलटले तरी उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. 2007 च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झालं. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. नकारापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर त्याचं कारण पटवावं लागतं. पेन्शनसारख्या दरमहा मिळणाऱ्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात म्हटलं होतं की, उशिरामुळे हक्क बुडत नाही, पण थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. थोडक्यात, पदक भत्त्याचं असेल तर वाट बघण्यात नुकसानच आहे.

युद्धाची नोंदही बदलू शकते, याचं गाजलेलं उदाहरण ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचं. कारगिल युद्धात बटालिक भागात ते 70 इन्फन्ट्री ब्रिगेडचं नेतृत्व करत होते. वरिष्ठांनी लिहिलेल्या अहवालात आपल्या कामगिरीचं चुकीचं चित्र रंगवलं गेलं, अशी त्यांची तक्रार होती. 2010 मध्ये न्यायाधिकरणाने ती मान्य केली आणि नोंद दुरुस्त करायला सांगितलं. युद्ध संपून तोवर जवळपास अकरा वर्षं झाली होती. ब्रिगेडियरला इतकी वर्षं लागली, तर गावाकडच्या शिपायाने नाद सोडून दिला यात नवल ते काय!

दावा मान्य झाला की नवा आदेश निघतो. त्याची प्रत मागून घ्यावी. भत्ता असलेलं पदक असेल तर दुरुस्ती पीपीओ निघतो. पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर असेल तर तिथे लॉगिन करून तपशील खरोखर बदलला आहे का ते तपासावं, कारण आदेश निघणं आणि तो संगणकात चढणं यातही वेळ जातो. डिस्चार्ज बुकात नोंद करून घ्यायची तर मूळ पुस्तक रेकॉर्ड ऑफिसला पाठवावं लागू शकतं. ते साध्या टपालाने पाठवू नये. स्पीड पोस्ट करावं, पावती जपावी आणि त्याआधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवावी.