तोंडाला कुलूप, किल्ली कुणाकडे? गश्ती निशाण 53 ते रील्सचा जीआर

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. मोबाइल. आणि प्रश्न साधा आहे: नोकरीला लागल्यावर या मोबाइलवर काय टाकायचं, हे कोण ठरवतं?

28 जुलै 2025 ला महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने एक जीआर काढला. सरकारी कर्मचाऱ्यांनी सोशल मीडिया कसा वापरायचा, याचे नियम त्यात आहेत. खासगी आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवा. खासगी अकाउंटवर पदनाम, सरकारी लोगो, गणवेश, सरकारी गाडी किंवा इमारत दाखवून फोटो-रील टाकू नका. गोपनीय कागद अपलोड करू नका. योजनेचं यश सांगताना स्वतःचीच आरती ओवाळू नका. आणि मुख्य म्हणजे, राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणावर टीका करू नका. नियम मोडला तर शिस्तभंगाची कारवाई. करार पद्धतीवर असलेल्यांनाही हे लागू.

आता म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर चला थोडं मागे.

1848 साल. मुंबईहून निघणाऱ्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं छापून येऊ लागली. आपल्या समाजाचे दोष, इंग्रजी राज्य, शिक्षण, स्त्रियांची स्थिती, सगळ्यावर रोखठोक. खाली सही असायची 'लोकहितवादी'. हे होते गोपाळ हरी देशमुख, वय पंचविशीच्या आसपास, आणि नोकरी कुठे? इंग्रज सरकारात. पुढे ते न्यायखात्यात मोठ्या पदांवर गेले. म्हणजे सरकारी नोकराने दुसऱ्या नावाने लिहिणं ही काही इन्स्टाग्रामच्या काळातली युक्ती नाही. मराठीतलं एक महत्त्वाचं गद्यच टोपणनावाने लिहिलं गेलं.

आता आपल्या जालन्याकडे या. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे 'गश्ती निशाण 53' नावाचा एक हुकूम फार गाजला. गश्ती म्हणजे परिपत्रक. जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी, असा त्याचा गाभा. तोंड उघडण्याआधी अर्ज करायचा! अशा वातावरणात 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, ते कुठे? परतूरला. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, तेव्हा ते इकडे आलं.

पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून 'मराठवाडा' हे पत्र सुरू केलं. निजाम सरकारने बंदी घातली की हे नाव बदलून नवा अंक काढायचे. परत बंदी, परत नवं नाव. आजच्या भाषेत सांगायचं तर अकाउंट ब्लॉक, नवं अकाउंट चालू!

आता थांबा. निजामाचा हुकूम आणि आजचा जीआर एकाच तराजूत टाकायचे नाहीत. तो हुकूम सगळ्या प्रजेवर होता, त्याला विचारणारं स्वतंत्र कोर्ट नव्हतं, राज्यघटना नव्हती. आज दोन्ही आहेत. पण दोन्ही कागद एकाच पद्धतीने वाचता येतात. नियम लिहिणारा कशाला घाबरतो, ते नियमात दिसतंच. निजाम सरकारला चार माणसं एकत्र येण्याची भीती होती. म्हणून हुकूम सभेवर निघाला.

याच नजरेने 2025 चा जीआर वाचा. त्यातले काही नियम कुणालाही पटतील. तलाठ्याकडे लोकांचे जमिनीचे कागद असतात, दवाखान्यात पेशंटची माहिती असते. ती फेसबुकवर जाऊ नये, हे बरोबरच. सरकारी गाडीपुढे उभं राहून रील करणारा 'साहेब' लोकांनाही आवडत नाही. पण धोरणावर टीका नको, हा नियम वेगळ्या जातीचा आहे. पहिले नियम लोकांचं रक्षण करतात. हा नियम वरच्यांचं करतो. आणि तो मोबाइलसोबत आलेला नाही. 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांमधूनच तो चालत आलाय, फक्त स्क्रीन नवीन मिळाली.

कोर्टं यावर काय म्हणतात? 1962 साली कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी नोकरीत गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम कोर्टाने टिकू दिला नाही. संप हा मात्र मूलभूत हक्क नाही, हेही सांगितलं. 2020 च्या जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयाने एका कर्मचारी महिलेच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात तेच धरलं: नियमांच्या चौकटीत राहून मत मांडायचा हक्क सरकारी नोकरालाही आहे.

आणि खासगी कंपनी? जालन्यात हा प्रश्न मोठा आहे, कारण इथे सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल आहेत आणि बियाण्यांचा धंदा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिकोची सुरुवात इथेच केली. संकरित बियाण्याच्या धंद्यात खरी पुंजी म्हणजे नर-मादी वाणांची माहिती. प्लॉटचा फोटो बाहेर गेला तर नुकसान होऊ शकतं, हे समजण्यासारखं आहे. पण 'धंद्याचं गुपित बाहेर नेऊ नका' आणि 'पगार उशिरा झाला हे कुणाला सांगू नका' ही दोन वाक्यं एकाच कलमात घुसवली, तर समजा की कंपनीला बियाणं आणि बदनामी यांतला फरक करायचाच नाही.

अमेरिकेत 2009 साली एका अँब्युलन्स कंपनीने अशीच एका कर्मचारी महिलेला नोकरीवरून काढलं. तिने फेसबुकवर आपल्या साहेबावर टीका केली होती. तिथल्या कामगार मंडळाने प्रकरण हातात घेतलं. 1935 च्या कायद्याने कामगारांना पगार आणि कामाच्या स्थितीबद्दल आपसात बोलायचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. 2011 मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने आपले नियम बदलायचं कबूल केलं. याच्या उलट आयबीएमने 2005 साली ब्लॉगचे नियम करताना ते कर्मचाऱ्यांनाच एकत्र लिहायला लावले. दोन्ही कंपन्या, दोन्हीकडे नियम. पण एकीकडे पोलिसाचा सूर, दुसरीकडे सोबत्याचा.

एक गोष्ट मात्र सगळ्यात जास्त बोचते. मोबाइल कामासाठी वापरा, असं तर सगळेच सांगतात. रात्री दहाला ग्रुपवर मेसेज येतो, सकाळपर्यंत माहिती द्या. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन नीट चालत नव्हते आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. बघा, बंदी कुणी घातली नव्हती. पण ज्या फोनवरून वर माहिती जाते, त्यावरून तक्रार वर जात नव्हती. म्हणून त्यांनी फोनच परत दिला, आणि मग सगळ्यांना ऐकू आलं.

तर मंडळी, उद्या तुम्ही जालना एमआयडीसीत लागा, पंचायत समितीत करारावर लागा, नाहीतर पुण्याला आयटीत जा. जॉइनिंगच्या कागदांत सोशल मीडियाचं एक पान असणार. आपण ते न वाचताच सही करतो. यावेळी वाचा, आणि तीन गोष्टी बघा. एक, नियम लिहिताना कर्मचाऱ्यांना विचारलं होतं का? दोन, काय टाकू नये हे नेमकं लिहिलंय, की 'प्रतिमा मलिन होईल असं काहीही' असं मोघम? तीन, तक्रार बाहेर करू नका म्हणताना, आत कुठे करायची ते सांगितलंय का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर त्या ऑफिसात काय चालतं, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. करारावर असाल तर आणखी जपून. नियम तुम्हाला पूर्ण लागू आहेत, नोकरीची हमी मात्र अर्धीसुद्धा नाही.

तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते आम्हाला कळवा, कंपनीचं नाव न घेता बरं का! भेटूया पुढच्या भागात.