चंदीगडचा सेक्टर १: आराखडा आणि राडारोडा

आज आपण चंदीगडला जाणार आहोत, आणि तेही फक्त सेक्टर १ मध्ये. घरच्यांना घेऊन एका दिवसात आरामात पाहून होतो हा भाग. पण तिथे फाळणीतून निघालेल्या दोन गोष्टी अगदी शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक सरकारने सांगितलेली. दुसरी सरकारच्याच एका कर्मचाऱ्याने, सरकारपासून लपवून सांगितलेली.

आधी थोडं मागे जाऊ. १९४७ मध्ये लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबकडे राजधानीच उरली नाही. काही काळ शिमल्यातून कारभार चालला, पण ती तात्पुरती सोय. मग शिवालिकच्या पायथ्याशी नवं शहर वसवायचं ठरलं. नेहरूंना ते जुन्या परंपरांच्या ओझ्यातून मोकळं, नव्या देशाची खूण वाटेल असं हवं होतं.

पहिला आराखडा केला अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर आणि त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेला. मग पी. एन. थापर हे अधिकारी आणि पी. एल. वर्मा हे मुख्य इंजिनिअर युरोपात नवीन माणूस शोधायला निघाले. पॅरिसमध्ये त्यांना भेटला ल कॉर्बुझिए. फेब्रुवारी १९५१ मध्ये तो भारतात आला आणि काही दिवसांतच नवा आराखडा तयार! अर्थात, पाटी कोरी नव्हती. मेयरचं काम समोर होतं, त्याचे वळणदार रस्ते बरेचसे सरळ झाले. सुमारे ८०० बाय १२०० मीटरचा एकेक सेक्टर, आत दुकानं, शाळा, हिरवळ. कल्पना अशी, की मोठा रस्ता न ओलांडता पोरं शाळेत पोचावीत.

'चंदीगड कॉर्बुझिएने बांधलं' हे आपण सर्रास म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. लोक राहतात त्या घरांचं बरंचसं काम त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी केलं. त्यांच्यासोबत युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा अशी तरुण भारतीय मंडळी होती. कॉर्बुझिएने स्वतःसाठी ठेवला तो मुख्यतः कॅपिटल कॉम्प्लेक्स: सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय.

आम्ही घरचे पाच जण सकाळी तिथूनच सुरुवात केली. तुम्ही जाल तेव्हा ओळखपत्र विसरू नका, गाइडसोबतच आत सोडतात. सचिवालय जवळपास पाव किलोमीटर लांब आहे. दर्शनी बाजूला काँक्रीटचे उभे-आडवे खण, म्हणजे ऊन आत यायच्या आधीच अडवायचं. उच्च न्यायालयावर दोन छपरं आहेत. वरचं छत्रीसारखं, मधून वारा खेळतो. एसी नसलेल्या काळात पंजाबच्या उन्हाळ्याशी केलेली ही तडजोड. विधानसभेच्या छतातून वर आलेला प्रचंड नळकांड्यासारखा आकार अहमदाबादच्या वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरवरून सुचलेला.

बाबांचं लक्ष मात्र भिंतींवर. काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा जशाच्या तशा दिसतात, प्लास्टर नाही. हे काँक्रीट डोक्यावरून वाहून नेलं मजुरांनी, त्यात कितीतरी बाया होत्या. उतरंडीच्या रॅम्पवरून घमेली घेऊन जाणाऱ्या त्या बायांचे फोटो आहेत. त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

आईचा प्रश्न साधा होता: "अरे, एवढं मोठं मैदान, पण बसायला सावली कुठे आहे?" खरं सांगू? कॅपिटलवर सगळ्यात नेमकी टीका हीच आहे. इमारतींना सावली मिळाली, त्यांच्यामधल्या चौकाला नाही.

आता दुपारी शेजारी या, रॉक गार्डनमध्ये.

नेकचंद सैनी हा रस्ते विभागातला इन्स्पेक्टर. त्याचं गाव फाळणीत पलीकडे गेलं आणि तो निर्वासित म्हणून इकडे आला. नवं शहर उभं राहत होतं, आणि त्यासाठी इथली जुनी गावं उठवली जात होती. म्हणजे एका उजाडलेल्या गावचा माणूस दुसरी गावं उजाडताना रोज बघत होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने त्या पाडापाडीतला राडारोडा सायकलवरून गोळा करायला सुरुवात केली. फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्स, संडासाची भांडी, नदीतले दगड. सुखना तलावाजवळच्या जंगलात, जिथे बांधकामाला सक्त मनाई होती, तिथे ऑफिस सुटल्यावर त्याने एक राज्य उभं केलं. राजा, राण्या, माकडं, ओढे, दरवाजे. वर्षानुवर्षं, गुपचूप.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर हे उघडकीला आलं. नियमाप्रमाणे सगळं जमीनदोस्त व्हायला हवं होतं. पण लोकांना ते आवडलं. पाठिंबा देणाऱ्यांत होते चीफ आर्किटेक्ट एम. एन. शर्मा, मघाशी उल्लेख केलेल्या कॉर्बुझिएच्या टीममधलेच! १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. नेकचंदला पगार मिळाला, हाताखाली मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्रीही. २०१५ मध्ये तो गेला.

बांगड्यांच्या त्या बाहुल्यांसमोर आजी बराच वेळ थांबली. "या कुणाच्या तरी हातातल्या होत्या," एवढंच म्हणाली. मला वाटतं, ही बाग याहून नीट कुणी समजावून सांगू शकणार नाही.

बघा हं, दोघंही एकाच फाळणीला उत्तर देत होते. कॅपिटल म्हणतं, गेलं ते गेलं, नव्याने सुरुवात करू. रॉक गार्डन म्हणतं, गेलेलं उचलून घ्या, त्याचंच काहीतरी करू. शहराला दोन्ही लागतं. फक्त आठवणींवर ड्रेनेज लाइन टाकता येत नाही. आणि फक्त आराखड्यात कुणाचं गाव मावत नाही.

हा भांडणाचा विषय आजही आहे. २०१६ मध्ये कॅपिटल कॉम्प्लेक्स युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, सात देशांतल्या कॉर्बुझिएच्या १७ कामांपैकी एक म्हणून. रॉक गार्डनला तसं कवच नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडचा रस्ता आणि पार्किंग वाढवण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला, झाडंही गेली. शहरातले लोक विरोधाला उतरले. पाडलेल्या गावांच्या तुकड्यांतून उभी राहिलेली जागा, आणि तिच्यावरच पुन्हा जेसीबी! वारसा कुठला हे ठरवताना आपण सही असलेला कागद बघतो. नेकचंदकडे तो कागद कधी नव्हताच.

संध्याकाळी सुखना तलावावर जरूर जा. १९५८ मध्ये ओढा अडवून तो केला. कॉर्बुझिएच्या आग्रहामुळे काठावर गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे आजी-आजोबा आणि लहान पोरं निवांत चालतात. पिएर जनरेच्या अस्थी याच पाण्यात विसर्जित केल्या आहेत.

तर मंडळी, चंदीगडला गेलात तर सकाळी कॅपिटल आणि दुपारी रॉक गार्डन, हाच क्रम ठेवा. आधी शहर कसं ठरवलं ते बघा, मग ते ठरवताना काय मोडलं ते बघा. आणि तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीच्या जागी आधी काय होतं, हे घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. उत्तर मिळालं तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू!