हँडसेट झोपायला शिकला

नोकिया 1100 दुकानातल्या डीसी सप्लायवर लावला की मीटरची सुई आधी बरीच वर जाते. हँडसेट टॉवर शोधत असतो. रेंज मिळाली की सुई शून्याजवळ येते आणि मग ठरावीक वेळाने जराशी उडत राहते. रिपेअरिंग शिकायला आलेल्या मुलांना मी आधी ही उडी नीट बघायला लावतो, सोल्डरिंग नंतर. 850 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि 400 तासांपर्यंत स्टँडबाय. भागाकार केला तर सरासरी दोनच मिलिअँपिअर.

मार्टिन कूपर यांनी 3 एप्रिल 1973 ला न्यूयॉर्कमध्ये हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. त्यातून 1983 मध्ये मोटोरोलाचा डायनाटॅक बाजारात आला. वजन पाऊण किलोच्या वर, चार्जिंगला दहा तास, बोलणं जेमतेम अर्धा तास. अ‍ॅनालॉग फोनचा ट्रान्समीटर कॉलभर सहसा अखंड चालू राही, माणूस बोलो की गप्प बसो.

लिथियम-आयन बॅटरी घडवणाऱ्यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच झालं. पण युरोपात बसून जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीचे नियम लिहिणाऱ्या इंजिनिअरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1991 मध्ये फिनलंडला जीएसएमवर पहिला कॉल झाला. या इंजिनिअरांनी एका चॅनेलचे आठ वाटेकरी केले, म्हणजे कॉल चालू असतानाही फोन आठातला एकच हिस्सा वेळ प्रक्षेपण करतो. रिंग वाजण्याआधी शेजारच्या रेडिओतून जी टर्रर्र येई, ती ट्रान्समीटर सेकंदाला 217 वेळा चालू-बंद होण्याची. बोलणारा थांबला की प्रक्षेपणही जवळपास थांबतं. लाइन तुटली असं वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या कानात हलकी खरखर मुद्दाम तयार केली जाते. कॉल नसेल तेव्हा फोन झोपतो आणि टॉवरने नेमून दिलेल्या क्षणी, जास्तीत जास्त दोनेक सेकंदांनी, उठून आपल्यासाठी काही आहे का ते ऐकतो. सुई उडते ती तेव्हा.

फोनने किती जोर लावायचा तेही टॉवरच सांगतो. 900 मेगाहर्ट्‌झवर दूरच्या हँडसेटला दोन वॅटपर्यंत, जवळच्याला तीन मिलिवॅटसुद्धा पुरतात. कुंभार्ली घाटाखालचं गिऱ्हाईक ‘बॅटरी टिकत नाही’ म्हणालं, की म्हणूनच मी आधी घरात रेंज किती येते ते विचारतो. पुष्कळदा बॅटरी चांगलीच असते.

ही झोप पुढे फार लांबली. 2016 मध्ये पक्क्या झालेल्या एनबी-आयओटी या यंत्रांसाठीच्या मोबाइल मानकात पाण्याच्या मीटरसारख्या यंत्राची बॅटरी दहा वर्षं टिकावी असं उद्दिष्ट होतं. मीटर नेटवर्कला आधी कळवून दिवसच्या दिवस रेडिओ बंद ठेवू शकतो. त्या वेळात नेटवर्कला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. तो उठेल तेव्हाच निरोप घेतो. दिवसातून एकदा रीडिंग पाठवणाऱ्याला तेवढं पुरतं.